कारणाच्या रकान्यात नारळ

‘सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या वाहनावर नारळ पडल्याने सनरूफची काच फुटली.’

हे वाक्य माझं. विम्याच्या दाव्याच्या फॉर्मवर अपघात कसा घडला हे सांगायला दोन ओळी सोडलेल्या असतात, तिथे मी ते निळ्या शाईत, बँकेतल्या जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं. तारीख २४ मे २०२४. मुंबईचं मतदान त्याच आठवड्यात, सोमवारी २० तारखेला झालं होतं. डाव्या तर्जनीवरची शाई अजून गडद होती आणि कागद सरकू नये म्हणून मी त्याच बोटाने तो दाबून धरला होता.

वाक्य नीट वाचा. त्यातला शब्द न् शब्द सिद्ध करता येतो. सोसायटी आहे. आवार आहे. वाहन उभंच होतं. नारळ पडलेला होता. काच फुटली होती. खोटा आहे तो फक्त ‘पडल्याने’मधला ‘ने’. एकतीस वर्षं बँकेच्या कर्जखात्यात लोकांची निवेदनं वाचण्यात गेली, त्यामुळे हे मला चांगलं माहीत आहे: शिकलेला माणूस नामात खोटं बोलत नाही, तो प्रत्ययात बोलतो. असे ‘ने’ आणि ‘मुळे’ मी लाल पेन्सिलीने गोल करून अर्ज परत पाठवत असे. स्वतःच्या ‘ने’भोवती गोल काढायला मला वर्ष लागलं.

गाडी २०१४ ची. सनरूफवालीच घ्यायची हा हट्ट माझा. “मुंबईत वरून काय बघायचंय?” असं हिने शोरूममध्येच विचारलं होतं आणि प्रश्न रास्त होता. आठ महिने ऊन, चार महिने पाऊस. दोहोंच्या मधे जी काही संध्याकाळ सापडते तेवढ्यापुरतं आमचं छत उघडायचं. पण उघडलं की शेजारच्या गाडीतली माणसं बघायची, आणि ते बरं वाटायचं. सनरूफ ही बघण्यापेक्षा दाखवण्याचीच वस्तू आहे.

वस्तू वापरली नाही की टिकते, असा आपला एक मध्यमवर्गीय समज असतो. सनरूफचं उलट. काचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या रेल असतात, त्यांतून प्लास्टिकचे गाईड सरकतात, आणि एकच मोटर दोन्हीकडच्या केबल एकदम ओढते. रेलमध्ये धूळ बसली, ग्रीस वाळून डांबर झालं की एक बाजू रेंगाळते आणि काच वाकडी जाते, जुन्या कपाटाचा ड्रॉवर जातो तशी. २०२२ च्या दिवाळीआधी मिस्त्रीने हे मला मागच्या सीटवर गुडघ्यावर बसवून दाखवलं होतं. त्याचं गॅरेज मुलुंड पश्चिमेला एका गल्लीत आहे, माणूस कमी बोलतो. “साहेब, डावी बाजू मागे राहतेय. काच कोपऱ्यात दाबली जातेय. रेल साफ करून गाईड बदलू, साडेचार हजारांत होईल.” मी विचारलं, “चालतंय ना पण?” तो म्हणाला, चालतंय. “मग चालतंय तोवर चालू दे.”

हे वाक्य आमच्या घरात वडिलांपासून आलेलं आहे. त्याला आम्ही काटकसर म्हणतो.

२२ मे रोजी आम्ही नाशिकहून परतत होतो. कसारा घाटात, उन्हं चढायच्या आधी, नातवाने छत उघडायला लावलं. खाली उतरल्यावर बंद करायला गेलो तर काच डावीकडे दोन बोटं फट ठेवून अडकली. बटण दाबलं की मोटर घरघरायची आणि थांबायची. चहाच्या टपरीपाशी गाडी घेतली, आतून वर तळवा टेकवला आणि ढकललं. “ठोकू नका हो,” ही म्हणाली. मी ठोकत नव्हतो, ढकलत होतो, असं तिला सांगितलं आणि दुसऱ्यांदा ढकललं. तिसऱ्यांदा मुठीने. कट् असा बारीक आवाज आला आणि काच बसली. मला फार हुशार वाटलं. साडेचार हजारांचं काम फुकटात झालं होतं.

बाराच्या सुमारास सोसायटीत आलो. माझी पार्किंगची जागा कंपाउंडच्या भिंतीलगत, तळमजल्यावरच्या काकूंच्या माडाशेजारी. सव्वातीनला खालून आवाज आला. फटाका नव्हे, टायर फुटल्यासारखा, एकच. मी गॅलरीतून पाहिलं. कुणी नव्हतं. खाली गेलो तर सनरूफची काच जागच्या जागी होती, पण पांढरी झाली होती. उन्हासाठी आतून लावलेल्या फिल्मने सगळे तुकडे धरून ठेवले होते. मधोमध भार आलेल्या झोळीसारखा तो पडदा किंचित लोंबत होता आणि हळूहळू कुरकुरत होता. हो, कुरकुरत. फुटल्यावरही टफन्ड काच काही मिनिटं बारीक आवाज करत राहते, दुधात टाकलेल्या पोह्यांसारखा. मी कान लावून ऐकलं.

वॉचमन धावत आला. गाडीकडे पाहिलं, वर माडाकडे पाहिलं, मग भिंतीच्या कडेला. तिथे एक नारळ पडला होता. “साहेब, नारळ पडला वाटतं.”

“वाटतंय खरं,” मी म्हणालो.

बाकी सगळं या दोन शब्दांतून उगवलं, म्हणून त्यांच्यापाशी मी अजून घुटमळतो. मी काही रचलं नव्हतं. एक माणूस आपल्या मनाने कारण घेऊन आला, मी ते घेतलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ, असं आपण म्हणतो. इथे फांदी मोडल्यावर मी कावळा शोधला, आणि तोही दुसऱ्याने हातात आणून दिलेला. तेवढ्यात मी त्या नारळाकडे नीट पाहिलंही होतं. तो सुकट होता, सोडणावर लाल मुंग्यांची रांग लागली होती. पाच मिनिटांपूर्वी पडलेल्या नारळाला मुंग्यांची रांग नसते. कोकणातल्या आजोळी जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला हे कुणी शिकवायला नको. मी पाहिलं आणि नजर काढून घेतली.

विमा एजंट मुलाच्या वयाचा. फोनवर म्हणाला, “अंकल, कारण नीट लिहा हं. आपोआप फुटली असं लिहू नका, वेअर अँड टेअर म्हणतील. काही पडलं होतं का?” गाडीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड बसत नाही, बाहेरून काही आदळलं तर बसतं. शिवाय काचेच्या भागांवर घसारा नसतो. रबर-प्लास्टिकचे निम्मे पैसे कापतात, धातूचे गाडीच्या वयाप्रमाणे, पण काच दहा वर्षांची असली तरी पूर्ण भरून मिळते. “पडलं होतं,” मी म्हणालो. भूतकाळ बरोबर होता.

सर्व्हेअर मागेल म्हणून सोसायटीचं पत्र घ्यायचं ठरलं. सेक्रेटरींनी ते अर्ध्या तासात लेटरहेडवर टाइप करून दिलं, गोल शिक्का मारून. आवारातील नारळाच्या झाडावरून फळ पडून अमुक सदनिकाधारकाच्या वाहनाचे नुकसान झाले आहे, असा मजकूर. खाली माझा अर्ज जोडलेला, माझी सही. सर्व्हेअरने वर्कशॉपमध्ये गाडीचे फोटो काढले, झाड कुठलं असं विचारलं, मी पत्र पुढे केलं. त्याने पत्राचाही फोटो काढला. झाड बघायला तो आला नाही. पत्र होतं ना.

आता या गोष्टीतला जो भाग ऐकून लोक माझं कौतुक करतात तो सांगतो. मी दावा मागे घेतला.

वर्कशॉपने नव्या काचेचा भाव रबरासकट छत्तीस हजार सांगितला आणि मॉडेल जुनं, माल मागवावा लागेल, सहा आठवडे लागतील असंही सांगितलं. त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. माझ्या नावावर ५० टक्के नो क्लेम बोनस साचलेला. नुकसानीच्या भागाचा हप्ता बोनसविना नऊ हजार धरला तर दावा घेताच पुढच्या वर्षी साडेचार हजार जातात, मग २० टक्के, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पुन्हा ५० वर यायला पाच वर्षं. एकूण अकरा हजारांवर पाणी. सक्तीची वजावट एक हजार. रबर-प्लास्टिकचे निम्मे. म्हणजे फुकटची काच मला तेरा हजारांच्या आसपास पडणार होती. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनी काच सहा-सात हजारांत मिळते, असं मिस्त्री म्हणाला. पाऊस दहा-बारा दिवसांवर आला होता. मी दुसऱ्या दिवशी ईमेल केली: दावा पुढे न्यायचा नाही.

ही शेजारणींना सांगत सुटली, “आम्ही क्लेम घेतला नाही, यांना पटेना.” मी सोफ्यावर पेपर वाचत होतो. ‘यांना पटेना’ ऐकून मी पान उलटलं. न पटलेलं मन नव्हतं, बेरीज होती. तेरापेक्षा सात कमी, एवढंच. सात तेरापेक्षा जास्त असते तर मी तो दावा शेवटच्या रुपयापर्यंत वसूल केला असता, आणि तेव्हाही पेपरच वाचत बसलो असतो. पापातून मला हिशोबाने बाहेर काढलं आणि पुण्य माझ्या नावावर जमा झालं. बँकेत अशा जमेला आम्ही चुकीची नोंद म्हणायचो आणि ती उलटवायचो.

कुर्ल्याला मी मिस्त्रीबरोबर गेलो. सीएसटी रोड ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा पाहावा. दारं दोरीला टांगलेली, दिव्यांचे डोळे रांगेत, बंपर एकावर एक रचलेले; गाडी अवयवांत वाटली की कशी दिसते ते तिथे कळतं. तिसऱ्या दुकानात आमच्या मॉडेलचं अख्खं छत कापून उभं करून ठेवलं होतं, काचेसकट. “टोटल लॉस का माल है,” दुकानदार म्हणाला, “काच एक नंबर.” मिस्त्रीने आधी कोपऱ्यातला पांढरा शिक्का पाहिला. प्रत्येक गाडीच्या काचेवर तो असतो, बनवणारी कंपनी, मानकाचा क्रमांक, काच टफन्ड की लॅमिनेटेड. मग त्याने चारही कडांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. “मधे ओरखडा चालतो साहेब, कडेला टवका नको.”

काच उलटी केली तर खालच्या अंगाला चांदण्या होत्या. लहान मुलांच्या खोलीच्या छताला लावतात तसल्या, अंधारात हिरवट चमकणाऱ्या. अकरा होत्या, मोजल्या. कुणीतरी मागच्या सीटवर झोपणाऱ्या पोरासाठी लावल्या असणार. “गाडी कुठली?” मी विचारलं. “नाशिक साइडची. लेफ्टने गेली होती.” पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला आणि भाव पाडायला लागलो. साडेसातवरून साडेसहावर आणला. दुकानदाराने ब्लेड घेऊन चांदण्या खरवडून दिल्या, भावात धरून.

न विचारणं हा माझा गुण की काय, असं वाटावं इतक्या सफाईने मी ते करतो. वॉचमनला विचारलं नाही, नारळ तुला पडताना दिसला का. दुकानदाराला विचारलं नाही. पुढेही एकदा विचारायचं राहिलं, ते येईलच.

गॅरेजमध्ये जुनी काच उतरवताना मिस्त्रीने मला हाक मारली. फिल्ममुळे तुकडे जागेवरच होते, त्यामुळे काच कुठून फुटली ते नकाशासारखं वाचता येत होतं. मागचा डावा कोपरा. तिथून भेगा पंख्यासारख्या पसरल्या होत्या. कोपऱ्यापाशी तुकडे चिंचोळे, निमुळते, आणि दूर जाताना चौकोनी, मक्याच्या दाण्याएवढे. “नारळ पडला असता तर पंखा मधून फुटला असता,” तो म्हणाला. “हे स्क्रूखालून आलंय. इथे दाबली गेली, कड मोडली.” मग माझ्याकडे न बघता, “हाताने ढकलली होती का?”

मी म्हणालो, “थोडीशी.”

टफन्ड काच कशी करतात ते तेव्हा मला त्याच्याकडून आणि मग वाचून समजलं. सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवायची आणि हवेच्या झोतांनी एकदम थंड करायची. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागाहून आवळू बघतो आणि त्याला जागा उरत नाही. बाहेरचा कायम दाबात, आतला कायम ताणात, अशी ती काच उभा जन्म काढते. पोटावर बुक्की सोसते. कडेला बारीक इजा झाली की कधी लगेच, कधी काही तासांनी, आतला ताण मोकळा होतो आणि सगळी काच एका क्षणात जाते. म्हणून माझी काच टपरीपाशी न फुटता सव्वातीनला, उन्हात, कुणी नसताना फुटली. म्हणून ती नारळाच्या माथी मारता आली.

नवी, म्हणजे जुनीच, काच बसवायला त्याने चार तास घेतले. आधी व्हॅक्युमने रेल, खाचा, छताच्या अस्तराच्या कडा. मग चारही कोपऱ्यांतल्या पाणी जायच्या नळ्या. त्यांतल्या पुढच्या डाव्या नळीत काचेचे दाणे अडकले होते, ते त्याने बारीक नायलॉनच्या दोरीने हलकेच काढले. हवा मारली तर नळी आतल्या आत सुटते, मग पाणी पायाशी येतं, म्हणाला. गाईड नवे. ग्रीस बोटाने, पुरणपोळीला तूप लावावं इतकंच. काच टेकवून स्क्रू सैल ठेवले आणि उंची जुळवली. पुढची कड छताच्या पातळीला किंवा केसभर खाली, मागची केसभर वर, नाहीतर वेगात शीळ वाजते. रबराची पकड बघायला त्याने खिशातून दहाची नोट काढली, रबर आणि छताच्या पत्र्यामध्ये धरून ओढली. जिथे सहज निघाली तिथे पुन्हा स्क्रू. सगळ्या बाजूंनी नोट अडखळायला लागल्यावर बटण दाबून ठेवून मोटरला नव्याने हद्दी शिकवल्या. शेवटी खाचेत तांब्याभर पाणी ओतलं आणि चारी नळ्यांतून खाली येताना दाखवलं. जुने गाईड त्याने माझ्या हातात ठेवले. डावा एका अंगाने खडूसारखा झिजला होता. “हे तेव्हाच...” एवढंच म्हणाला.

पाऊस ९ जूनला आला. छत गळलं नाही. प्रकरण माझ्या लेखी संपलं होतं.

सोसायटीचं संपलं नव्हतं. त्या वर्षी १३ मे रोजी वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली होती. आमच्यापासून ते काही फार लांब नाही. जूनच्या कमिटी सभेत सेक्रेटरींनी माझ्या पत्राची प्रत वाचून दाखवली. कुणीतरी २०१७ ची आठवण काढली, चेंबूरला सकाळी फिरायला निघालेल्या बाईंवर नारळाचं झाड पडलं होतं, सीसीटीव्हीतलं दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं. “आज गाडी आहे, उद्या पोरगं असेल,” असं एक जण म्हणाला. यातलं काहीच खोटं किंवा मूर्खपणाचं नव्हतं. भीती खरी होती, आकडे खरे होते. फक्त त्या सगळ्या खऱ्याच्या तळाशी जो एक कागद ठेवला होता तो माझा होता.

माड काकूंच्या यजमानांनी लावलेला. इमारत झाली त्या वर्षी, ८३ साली, अलिबागकडून रोप आणून. ते जाऊन बारा वर्षं झाली. दर नारळी पौर्णिमेला काकू घरोघर एक नारळ पाठवायच्या, हळदीकुंकू लावून. सभेत त्या एकच वाक्य बोलल्या: “माडाला डोळे असतात, तो कुणावर टाकत नाही.” दोघं-तिघं हसले, प्रेमानेच. मी हसलो नाही. गप्पही बसलो. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहून म्हटलं, “काका, तुमचा अनुभव?” आणि मी म्हणालो, “कमिटी ठरवेल ते.” दावा मागे घेऊन तेव्हा महिना होत आला होता. खरं बोलून माझा एक पैसा जाणार नव्हता. लाज तेवढी जाणार होती, आणि ती मी पैशापेक्षा महाग धरली.

महाराष्ट्रात शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते आणि त्याआधी झाडावर नोटीस लावतात. जुलैत ती लागली. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद, सुतळीने बुंध्याला बांधलेला. कारण: धोकादायक. कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावी. माझी गाडी त्या कागदापासून चार फुटांवर उभी असायची. रोज सकाळी दार उघडताना तो वाचायचो. हरकत घ्यायला आधार लागतो, आणि अख्ख्या मुलुंडमध्ये तो आधार असलेला माणूस मी एकटा होतो. मी रोज वाचला आणि रोज गाडी काढली.

नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी झाड गेलं. माड एकदम पाडत नाहीत, वरून खाली कापत येतात. गडी कमरेला दोर बांधून चढला. आधी झावळ्या, मग नारळाच्या पेंडी दोराने उतरवल्या, मग शेंडा. त्यानंतर बुंध्याचे ओंडके हातभर हातभर. प्रत्येक ओंडका जमिनीवर आपटला की माझ्या घरातल्या मांडणीतली भांडी किणकिणायची. शेंड्यातला गाभा गड्याने सोलून काकूंना दिला. पांढराशुभ्र, कोवळा, गोडसर. झाड मेल्याशिवाय तो मिळत नाही. संध्याकाळी काकूंच्या नातीने एक वाटी आमच्याकडे आणली. “आजीने सांगितलंय, काकांना द्या, त्यांना कोकणातलं आवडतं.”

मी खाल्ला. चव सांगतो: ओल्या खोबऱ्याच्या आधीची.

माझ्याकडे सबबी होत्या, आणि त्या चांगल्या होत्या. चाळीस वर्षांचा माड कधीतरी जाणारच होता. कमिटीने ठरवलं, मी एकटा कोण? आणि सगळ्यात भक्कम: मी दावा घेतलाच नाही, मग खोटेपणा कुठला? कर्जदाराने या तिन्ही सबबी माझ्यासमोर ठेवल्या असत्या तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. पहिली, तारीख माझ्या सहीने अलीकडे आली. दुसरी, कमिटीला मीच कागद दिला. तिसरीला उत्तर द्यायला मला सगळ्यात वेळ लागला. खोटं पैशासाठी केलं आणि पैसे सोडून दिले, तर मी समजत होतो की खोटंही आपोआप सुटलं. ते सुटत नाही. मी बाजूला झालो तरी तो कागद फाइलीत बसून काम करत राहिला.

यंदा मे महिन्यात काकूंकडे गेलो. त्या दारातच खुर्ची टाकून बसतात, पूर्वी सावलीत असायची, आता ऊन येतं म्हणून पडदा लावलाय. मी सगळं सांगितलं. टपरी, मूठ, कोपऱ्यातला पंखा, मुंग्या. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “तो नारळ पहाटेच पडला होता हो. मीच भिंतीशी सरकवून ठेवला, कुणाच्या पायात नको म्हणून.”

“मग सभेत बोलला का नाहीत?”

“तुमचा क्लेम अडकला असता.”

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की दावा मागे घेतलाय. ही सगळ्या मजल्यांवर सांगून आली होती. तळमजल्यावर काकूंना ऐकू कमी येतं, म्हणून तिथे राहिलं. मी कधी सांगायला गेलो नाही, आणि तुम्ही गप्प का, हेही कधी विचारलं नाही. मी त्यांच्या माडाला वाचवू शकत होतो आणि त्या माझ्या छत्तीस हजारांना वाचवत बसल्या, जे मी महिनाभर आधीच सोडले होते.

गेल्या आठवड्यात सेक्रेटरींना भेटून म्हटलं, ते पत्र चुकीच्या माहितीवर दिलं गेलं, तशी नोंद करा, मी लेखी देतो. ते म्हणाले, “काका, आता कशाला? झाड तर गेलं. उगाच ऑडिटला प्रश्न येतील.” मी माझा कागद त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. त्यात कारण एका ओळीत आहे: सनरूफ मी मुठीने ठोकलं. आवक नोंदीचा शिक्का अजून त्यावर बसलेला नाही. जुन्या पत्रावर आहे, गोल, जांभळा, अक्षर न् अक्षर उठलेला.